उजवीकडचं वळण

आमच्या घरी बर्फ यायचा तो फक्त उन्हाळ्यात, कोपऱ्यावरच्या गाडीवरून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, आणि घरी पोचेपर्यंत निम्मा झालेला असायचा. बर्फावर माणसं पायाला पाती बांधून धावतात आणि त्याच्या शर्यती लागतात, हे मला कळलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ते कळलं एका जर्मन मुलीमुळे. तिचं नाव इतकं लांब आणि आडवंतिडवं होतं, की ते आमच्याकडे कधी कोणी पुरतं घेतलंच नाही. बाबा तिला 'बर्फवाली' म्हणायचे. पुढची चार वर्षं ती आमच्याच घरात राहत असल्यासारखी होती, तिचं ताट तेवढं आम्ही वाढत नव्हतो. तिच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दल लिहावं लागतं, आणि ते मी आजवर टाळत आले. आता सत्तरीला टेकले आहे, थंडीत डावं मनगट ठणकतं, आणि टाळण्यात काही अर्थ उरलेला नाही.

गोळीबार चौकामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यावर बाबांचा माग, मागच्या खोलीत चूल, एक ट्रंक आणि आम्ही तिघं. गल्लीत घरोघरी माग होते. सकाळी पहिला धोटा कुणाच्या मागावर सुरू झाला हे माय अंथरुणातूनच ओळखायची. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आमच्या अंगालाच चिकटलेला असायचा, आणि शाळेत दुसऱ्या वस्तीतल्या मुली माझ्याशेजारी बसताना नाक मुरडायच्या. रविवारी मात्र त्या वासावर मात व्हायची. माय पाट्यावर मसाला वाटायची, काळपट लाल रस्सा रटरटायचा, वर बोटभर तेलाचा तवंग, आणि खाताना नाकातून पाणी आलं तरी कोणी 'तिखट झालं' म्हणायचं नाही. तसं म्हणणं म्हणजे मायचा अपमान. असा रस्सा आता मी करत नाही. डॉक्टरांनी बंद केला आहे, आणि खरं सांगायचं तर एकटीसाठी पाटा धुवायचा कंटाळाच येतो.

बाबा पदराचे कारागीर होते. साडीचं अंग गल्लीत कोणीही विणायचं, पण पदरावरच्या कुयऱ्या बाबांच्या हातच्या. रंगीत सुताच्या छोट्या छोट्या कांड्या एकेका तारेखालून घालत ते एक कुयरी उभी करायचे, टोक एका बाजूला वाकलेलं, अगदी झाडावरच्या कैरीसारखं. आमच्या मागावर कापडाची सुलटी बाजू खाली असते आणि विणणारा दिवसभर उलटी बाजू बघतो. कागदावरच्या नक्शात टोक डावीकडे असेल तर हात उजवीकडे चालवायचा. बाबांना त्यासाठी विचार करावा लागत नसे. वयाच्या नवव्या वर्षी ते खड्ड्यात पाय सोडून बसले होते, आणि कुठलंही चित्र दिसलं की त्यांच्या मनात ते आपोआप फिरायचं. गल्लीतले लोक थट्टेनं म्हणायचे, याला आरशात पाहिलं की सगळं सरळ दिसत असेल. बाबाही हसायचे. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगून ठेवते आहे.

वस्तीच्या वाचनालयात एक निवृत्त मास्तर बसायचे. तिथं पूर्व जर्मनीतून एक गुळगुळीत कागदाचं मासिक फुकट यायचं, तेही वर्ष-सहा महिने उशिरा. जुने अंक मास्तर मला पुस्तकांना कव्हर घालायला द्यायचे. अशाच एका अंकात ती निघाली. पाठमोरी, डोक्याला घट्ट टोपी, कंबरेत इतकी वाकलेली की पाठ पाटासारखी सपाट झालेली, एक हात पाठीवर, आणि सगळं अंग डावीकडे कललेलं. उजवा पाय डाव्यावरून पलीकडे टाकलेला. खाली पांढरंशुभ्र काहीतरी, त्यावर दोन बारीक रेघा. मास्तरांनी वाचून सांगितलं, की ही सतरा वर्षांची आहे, बाप पावाच्या भट्टीत कामाला आहे, गोठलेल्या तळ्यावर शिकली आणि आता देशात पहिली आली. मी त्या पानाचं कव्हर घातलं नाही. घरी आणून मागासमोरच्या भिंतीवर खळीनं चिकटवलं. बाबांनी धोटा थांबवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पाय तं आपल्यासारखेच चालवते वं ही. मागाची पावडी दाबल्यासारखे."

चाकं बर्डीच्या बाजारात फुटपाथवर मिळाली. जुन्या लोखंडाच्या ढिगात पडलेली, चार-चार चाकांची जोडी, चपलेवर आवळून बांधायची. एकाचा पट्टा तुटका होता. बाबांनी मागाचं जुनं चामडं कापून नवा पट्टा केला आणि मागाला घालायचं तेल चाकांना घातलं. पहिल्या दिवशी मी गल्लीत उभी राहिले तर असा खडखडाट झाला, की शेजारची म्हातारी काठी घेऊन बाहेर आली. माय कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरीच्या जातीले चाकं लावून देता का तुमी? उद्या हिले पाहाले कोन येईन?" बाबा म्हणाले, "आला तं आला, नाई तं पळून जाईन ती. चाकं आहेत ना." माय चिडून आत गेली, पण दाराआडून बघत राहिली.

सरळ धावायला मी महिनाभरात शिकले. वळण जमेना. मग एका दुपारी बाबांनी खडू घेतला. भिंतीवरच्या बर्फवालीकडे बघत बघत त्यांनी गल्लीतल्या फरशीवर पावलं काढली, कुठला पाय कुठं, कुठला कुणावरून. मी म्हटलं, "बाबा, चित्रात तं ती डावीकडं झुकली आहे. तुमी उजवीकडं काहून काढून राहिले?" बाबांनी खडू कानावर ठेवला आणि समजावलं, "हे पाह्य कुसे. चित्र म्हंजे सुलटी बाजू, पाहणाऱ्यासाठी. करणारा उलट्या बाजूनं करते. मी पदर तसाच विणतो ना? ती डावीकडं दिसून राहिली म्हंजे आपुन उजवीकडं झुकाचं, अन् डावा पाय वरून टाकाचा." माय दारात उभी होती. तिनंही लगेच दुजोरा दिला, "बराबर आहे. देवळात फेरा कसा घालते? देव उजव्या हाताले ठेवून. उलटा फेरा कोनी घालते का बाप्पा?" इतकं पटण्यासारखं बोलणं मी त्या घरात दुसरं ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून मी उजवीकडे वळायला शिकले.

गल्लीपलीकडे एक डाळीची गिरणी होती. तिच्या मागं डाळ वाळवायचं सिमेंटचं मोठं अंगण, नीट घोटून गुळगुळीत केलेलं. रविवारी गिरणी बंद असायची. बाबांनी चौकीदाराच्या बायकोला एक लुगड्याचा तुकडा नेऊन दिला आणि अंगण आम्हाला मिळालं. बाबा मधोमध उकिडवे बसायचे आणि मी त्यांना उजव्या हाताला ठेवून फेरे घालायचे. कोपऱ्यात राहिलेली डाळ चाकाखाली आली की मी आपटायची, गुडघे सोलायचे, आणि बाबा हळद घेऊन धावत यायचे. वर्षभरात डावा पाय उजव्यावरून न बघता पडायला लागला. वळणावर अंग आपोआप आत पडायचं, वारा कानात घुमायचा, आणि मधे बसलेले बाबा एका ठिपक्याएवढे व्हायचे. सुख म्हणजे काय असं मला कोणी विचारलं, तर तुरीच्या डाळीच्या वासाचं ते सिमेंटचं अंगण, एवढंच मला सांगता येईल.

बर्फवालीही पुढं जात होती. दर दोन-तीन अंकांनी तिची बातमी यायची आणि मास्तर मला निरोप धाडायचे. ती जगज्जेती झाली. गळ्यात पदक, तोंड रडवेलं. मग तिनं कसलासा विक्रम मोडला. मग एका मोठ्या स्पर्धेत अंतिम शर्यतीत पडली आणि चौथीसुद्धा आली नाही. त्या अंकात तिचं चित्र एवढंसं होतं, स्टुलाएवढ्या बाकावर डोकं खाली घालून बसलेली. बाबांनी तेही भिंतीवर लावलं. मायला ते आवडलं नाही. ती म्हणाली, "पडलेलं माणूस कायले लावता भिंतीवर?" बाबा म्हणाले, "उठते तवा काढू." रोज सकाळी पहिला धोटा टाकण्याआधी ते तिच्याकडे एकदा बघायचे. मायच्या आरतीसारखाच त्यांचाही तो नेम झाला होता.

मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबनं चाकांच्या शर्यतीसाठी सिमेंटचं रिंगण बांधलं आणि तिथं राज्याच्या संघासाठी निवड ठेवली. मास्तरांनी फॉर्म आणला. घरात तीन दिवस धोट्याच्या आवाजावर आवाज चढला होता. माझ्यासाठी उमरेडहून एक स्थळ आलं होतं, त्यांचेही माग होते, आणि माय हो म्हणून बसली होती. शेवटी बाबांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं, की निवड झाली तर शाळाही चालेल आणि चाकंही, लग्नाचं दोन वर्षं नाव नाही. नाही झाली तर चाकं त्याच फुटपाथवर परत, आणि उमरेडला होकार. मला दोन्ही गोष्टी मान्य होत्या, कारण निवड होणार नाही असं माझ्या मनातच येत नव्हतं.

आता जे लिहायचं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. निवडीला तीन आठवडे होते. मास्तरांनी नवीन अंक दिला. त्यात मधल्या दोन पानांवर बर्फवालीच्या मैदानाचं उंचावरून घेतलेलं चित्र होतं. सगळं लंबगोल रिंगण, कडेला माणसं, आणि त्यावर दोघी धावत असलेल्या. दोघींच्याही डाव्या हाताला मैदानाचा मधला भाग. मी वाचनालयाच्या पायरीवर बसून ते चित्र फिरवून फिरवून बघितलं. कसंही धरलं तरी डावाच हात आत. मग मी मनाची समजूत घातली, की छापताना ठसा उलटा पडला असेल, की बर्फावर तसं असेल आणि चाकांवर नसेल. पण मला कळलं होतं. बाबांना सांगितलं असतं तर तीन रविवार हातात होते. तीन रविवारांत काही तरी झालं असतं, निदान मी पडले नसते. मी सांगितलं नाही. बाबांचा चेहरा उतरेल म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. माझं उजवं वळण इतकं सुंदर झालं होतं, की ते सोडून पुन्हा लहान पोरासारखं धडपडायची मला लाज वाटत होती. अंक मी ट्रंकेखाली सरकवून दिला.

निवडीच्या सकाळी मायनं गोळाभात केला होता. मला दोन घास गेले. बाबांनी धुतलेलं धोतर आणि टोपी घातली होती, आणि चाकं फडक्यात बांधून छातीशी धरली होती. रिंगणावर पांढरे मोजे घातलेल्या, इंग्रजीतून बोलणाऱ्या मुली होत्या. त्यांच्या चाकांना आवाज नव्हता. मी खडखडत उतरले, अंग मोकळं करायला फेरा घेतला, आणि समोरून येणाऱ्या दोघी ओरडून बाजूला झाल्या. शिट्टी वाजली. एक गृहस्थ धावत आले. "ए पोरी! उलटी काहून चालून राहिली? मैदान डाव्या हाताले ठेव!" मी थांबले. कठड्यापलीकडे बाबा उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आधी रिंगणाकडे बघत राहिले, फिरणाऱ्या सगळ्या मुलींकडे, आणि मग त्यांनी स्वतःचे दोन्ही पंजे पुढं धरले आणि त्यांच्याकडे बघायला लागले. उजवा कुठला आणि डावा कुठला हे पहिल्यांदाच तपासावं तसं.

शर्यत पाच फेऱ्यांची होती. सरळ पट्ट्यावर मला कोणी धरू शकत नव्हतं, एवढं अभिमानानं नाही, पण खरं म्हणून सांगते. प्रत्येक वळणावर मी ताठ उभी राहायची, पावलं आपटत आपटत कशीबशी वळायची, आणि सगळ्या पुढं जायच्या. पुन्हा सरळ आलं की मी त्यांना गाठायची. चौथ्या फेऱ्याला मी दुसरी होते. संघात दोघींनाच घेणार होते. शेवटच्या वळणाला मी ठरवलं, की टाकायचाच उजवा पाय डाव्यावरून. पाहिलेला होता तो मी, चार वर्षं भिंतीवर रोज पाहिलेला. मी झुकले, पाय उचलला, आणि अंगाला काहीच ओळखीचं सापडलं नाही. चाक चाकात अडकलं. मी डाव्या हातावर पडले, आणि मनगटात काहीतरी वाळकी काडी मोडल्यासारखं झालं.

बाबा कठड्याखालून वाकून आत आले. मला बाकावर बसवलं, खाली गुडघे टेकून माझे पट्टे सोडायला लागले. गाठ सुटत नव्हती. वर न बघता त्यांनी विचारलं, "कुसे, माझं चुकलं का वं?" मी तेव्हा काही बोलले नसते तरी चाललं असतं. मी म्हटलं, "हाव. तुमचंच चुकलं. तुमीच मले उलटं शिकवलं." आजूबाजूला माणसं होती, पांढऱ्या मोज्यांच्या मुली होत्या, आणि मी ते मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. बाबा म्हणाले, "बराबर आहे." मग त्यांनी चाकं फडक्यात बांधली आणि माझा मोडलेला हात आपल्या टोपीत ठेवून मला रिक्षापर्यंत नेलं.

मनगट वाकडं बसलं. चाकं फुटपाथवर गेली. उमरेडला होकार गेला आणि मीही गेले. ते सगळं ठरल्याप्रमाणे झालं, त्याची मी तक्रार करत नाही. पण लग्नाआधीच्या त्या चार महिन्यांत मी जे ऐकलं, ते अजून ऐकते. बाबांचा माग थांबायचा. धोटा दोनदा जायचा आणि थांबायचा. मी मागच्या खोलीतून डोकावून बघायची, तर ते एक कांडी हातात घेऊन नक्शाकडे बघत असायचे, मग कापडाकडे, मग खाली वाकून कापडाच्या सुलट्या बाजूला हात लावून चाचपायचे. जे चाळीस वर्षं विचार न करता झालं, ते आता प्रत्येक तारेला विचारून व्हायला लागलं, आणि विचारून ते होत नव्हतं. साड्या विकत घेणाऱ्या शेटजीनं एक पदर परत पाठवला, मग दुसरा. बाबा साधे पंचे विणायला लागले. मग नायलॉनच्या साड्यांनी गल्लीतले माग एकेक करून बंद पाडले. लोक म्हणाले, यांचाही त्यातच गेला. मला ठाऊक आहे, आमचा आधीच गेला होता. माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी ते शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोत्यांवर खुणा करायच्या कामाला लागले. मी एकदा भेटायला गेले, तर ट्रकांच्या धुरात, हातात रंगाचा डबा घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी हात मागं लपवले.

मी उमरेडला असतानाच मास्तर एक अंक घरी देऊन गेले होते. बर्फवाली परत आली होती. एक वर्ष घरी बसून, पुन्हा बर्फावर उतरून पहिली आली होती, आणि आता खेळ सोडून लहान मुलांना शिकवणार होती. बाबांनी तो अंक जपून ठेवला आणि मी माहेरी आले तेव्हा पुढं केला. "पाह्य, उठली ती." मी तो घेतला आणि त्यांच्यासमोर चुलीत घातला. का घातला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित ती उठली म्हणूनच. भिंतीवरचं, बाकावर डोकं खाली घालून बसलेलं चित्र त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.

घरातली ती ट्रंक आता माझ्याकडे आहे, आणि तिच्यात दोन वस्तू आहेत. एक, मधल्या दोन पानांवर रिंगणाचं चित्र असलेला तो अंक. दुसरा, बाबांनी विणलेला शेवटचा पदर, मागावरून अर्धाच कापून काढलेला. त्यात पहिल्या ओळीतल्या कुयऱ्यांची टोकं डावीकडे आहेत. दुसऱ्या ओळीत उजवीकडे. तिसऱ्या ओळीत एक इकडे, एक तिकडे, आणि शेवटची कुयरी सरळ उभी आहे, तिला टोकच नाही. त्याच्या पुढं नुसतं कोरं कापड.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. माय आधीच गेली होती. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. त्यांचं बोट चादरीवर गोल फिरत होतं, थांबत होतं, उलटं फिरत होतं. "कुसे, मैदान डाव्या हाताले होतं ना वं?"

"हाव बाबा."

"मले कोनी पैले सांगतलं असतं तं मी पुन्हा शिकवलं असतं तुले. तीन रविवारात शिकवलं असतं." तीन हा आकडा त्यांनी कुठून आणला, मला माहीत नाही. त्या अंकाबद्दल त्यांना कळणं शक्य नव्हतं, असं मी धरून चालते. ते माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघावी तसं. ट्रंक त्यांच्या खाटेखालीच होती, तो अंकही तिथंच. मी म्हटलं, "तुमी पडा आता." त्यांची चादर सारखी केली आणि चहा टाकायला आत गेले.